माझी आहे तेवढी पुरे

गेल्या शनिवारी सकाळी काकाबरोबर सारसबागेला गेलो होतो. (वीकांताला सहा वाजता उठणारा आयटीवाला ही दुर्मिळ जात आहे, पण काकापुढे कोणाचं चालत नाही.) दोन फेऱ्या मारून बाहेर पडलो तर रसवाला उभा. गव्हांकुर, कारलं, आवळा, आणि वर हाताने रंगवलेली पाटी - 'इम्युनिटी वाढवा'. मी सवयीने पाकीट काढलं. काका म्हणाला, "तू घे. मला नको. माझी आहे तेवढी पुरे."

रसवाला हसला. मी मात्र हसलो नाही, कारण त्या वाक्यामागची गोष्ट मला माहीत आहे. त्या गोष्टीत मी आहे, आणि फारसा चांगला दिसत नाही.

तर सप्टेंबर २०२०. पुण्यात पहिली लाट ऐन भरात होती. बाबांना कोविड झाला, आठव्या दिवशी ऑक्सिजन ८८ वर आला. बेड मिळाला, ऑक्सिजन लागला, डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड सुरू झालं, आणि आठवड्याभरात बाबा उठून बसले. घरी सोडताना आणखी थोड्या दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्यातल्या काही उरल्या आणि देवघराशेजारच्या कपाटात जाऊन बसल्या. जागाही देवघराशेजारची, आणि मानही साधारण तसाच!

मग एप्रिल २०२१. दुसरी लाट. काका आमच्याच सोसायटीत, खालच्या मजल्यावर राहतो. मधुमेह जुना. त्याला ताप आला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पॉझिटिव्ह. ऑक्सिजन ९७, म्हणजे उत्तम. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "पॅरासिटामॉल, पाणी, आराम, आणि ऑक्सिमीटर बघत राहा." पण आमच्या व्हॉट्सॅपवर तेव्हा एक प्रिस्क्रिप्शन फिरत होतं, आणि त्यात तीच गोळी होती. मी इंजिनियर माणूस, विचार केला, की जी गोळी आठव्या दिवशी वाचवते ती दुसऱ्या दिवशी दिली तर आठवा दिवस उगवणारच नाही. कपाटातल्या गोळ्या घेतल्या आणि खाली जाऊन काकाला दिल्या. काकूने विचारलं, "डॉक्टरांनी सांगितलंय ना रे?" मी म्हणालो, "हो, बाबांना दिली होती." खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

ताप एका दिवसात उतरला. मी घरात हिरो! सहाव्या दिवशी ऑक्सिजन ९० आणि साखर ४०० च्या वर. मग बेडसाठी फोन, ओळखी, पुन्हा फोन... ज्यांनी तो महिना पुण्यात काढला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रात्री दोन वाजता दाखल करताना तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "आधी स्टिरॉइड काही घेतलंय का?" सगळे गप्प. मी म्हणालो, "हो. दुसऱ्या दिवसापासून." "ऑक्सिजन चांगला असताना? कोणी सांगितलं?" "मीच दिलं." तो माझ्यापेक्षा जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. ओरडला नाही. फक्त म्हणाला, "आता आम्ही देऊ. तुम्ही काही देऊ नका."

आणि त्याने काय सुरू केलं असेल? तेच. डेक्सामेथासोन.

काका चौदा दिवसांनी घरी आला. माझ्या गोळ्यांमुळेच बिघडलं का, हे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही. त्या वर्षी काहीच न घेता बिघडलेलेही पुष्कळ होते. पण एक प्रश्न माझ्या डोक्यात घट्ट बसला. तीच गोळी, तोच माणूस, तोच आजार. दुसऱ्या दिवशी चूक आणि सातव्या दिवशी बरोबर? आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. मग पुढची काही वर्षं जमेल तसं वाचत गेलो. आणि कळलं ते असं, की बग माझ्या डोक्यात होता. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी, जितकं जास्त तितकं बरं, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात ती निरोप पोचवण्याची व्यवस्था आहे. कोणता निरोप, कुठे, किती, कधी, आणि कधी बंद करायचा, यातच तिची सगळी करामत.

थोडं तपशिलात जाऊ. (बायो बारावीला सोडणाऱ्यांनी घाबरू नये, मीही त्यातलाच.)

आपल्या शरीरात मॅक्रोफेज नावाच्या पेशी असतात. यांचं काम गस्त घालणं आणि नको ते गिळणं. जंतूचा तुकडा सापडला की मॅक्रोफेज त्याला गिळते, आणि त्याच वेळी बोंब ठोकते. ही बोंब म्हणजे सायटोकाइन, म्हणजेच निरोप नेणारी छोटी प्रथिनं. टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही त्यातली बडी मंडळी. ती बाहेर पडली की आसपासच्या रक्तवाहिन्या झिरपू लागतात, इतर पेशी धावत येतात, सूज येते, ताप चढतो. आपण ज्याला आजार म्हणतो त्यातला बराचसा भाग जंतूचा नसतोच, तो या निरोपांचा असतो.

पण निरोप बाहेर पडतो कसा? इथे खरी मजा आहे. मॅक्रोफेज टीएनएफचा मोठा साठा करून ठेवत नाही. ऑर्डर आली की ताजं बनवायचं. (मास्ट पेशींचा कारभार वेगळा. त्या हिस्टामिनसारखा माल भरून तयारच ठेवतात, म्हणून धूळ नाकात गेली की मिनिटाच्या आत शिंका सुरू.) जंतू लागला की पेशीच्या केंद्रकात टीएनएफच्या जनुकाची नक्कल निघते. त्या नकलेवरून प्रथिन बनतं, ते शाळेच्या पुस्तकातल्या आंतर्द्रव्यजालिकेत शिरतं, तिथून गॉल्गी संकुलात. शाळेत आपण एवढंच पाठ केलं, की गॉल्गी संकुल म्हणजे पेशीचं पॅकिंग खातं. दोन मार्क मिळाले, विषय संपला. पॅकिंगनंतर माल जातो कुठे, हे कोणी विचारलंच नाही.

तर माल बुडबुड्यासारख्या बारीक पिशव्यांतून आणि नळ्यांतून निघतो. या पिशव्या योग्य ठिकाणी कशा पोचतात याच शोधासाठी रॉथमन, शेकमन आणि सुडहॉफ या तिघांना २०१३ चं नोबेल मिळालं. पिशवीवर एक प्रथिन, पोचायच्या जागेवर त्याच्या जोडीचं प्रथिन. दोन्ही एकमेकांत पीळ घालून अडकली की पिशवी तिथल्या पटलात विरघळते आणि माल उतरतो. यांना स्नेअर म्हणतात. पत्ता चुकला तर जोडी जुळत नाही. पुण्यात पत्ता सांगतात तसं 'मारुतीच्या पुढे डावीकडे, कोणालाही विचारा' इथे चालत नाही.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात जेनिफर स्टो यांच्या गटाने मॅक्रोफेजमधली एक झकास गोष्ट दाखवली. मॅक्रोफेजला जंतू गिळायचा तर तोंड मोठं उघडावं लागतं, आणि तोंड मोठं करायला जादा पटल लागतं. हे पटल येतं पेशीतल्या पुनर्वापराच्या कोठारातून. त्याचं नाव रिसायकलिंग एंडोसोम. आणि टीएनएफ? तेही गॉल्गीतून निघून याच कोठारात येतं, आणि त्याच गाडीत बसून थेट त्या उघडलेल्या तोंडापाशी उतरतं. म्हणजे तोंड उघडायला निघालेल्या टेम्पोतच बोंब मारायचा माल भरलेला! जंतू जिथे, निरोप तिथेच. वेगळं भाडं नाही, वेगळी फेरी नाही. असं डिझाइन एखाद्या आर्किटेक्टने मीटिंगमध्ये मांडलं असतं तर मी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि एवढ्यावर टीएनएफ मोकळं होत नाहीच. ते पटलात खिळलेलं असतं. टेस नावाचं एक विकर, म्हणजे प्रथिनाची कात्री, येऊन त्याला कापते, तेव्हा ते सुटतं. इंटरल्युकिन-६ सुद्धा याच कोठारातून जातं, पण वेगळ्या कप्प्यातून. दोघं एकदम सुटत नाहीत. स्टो यांच्याच गटाने २००७ मध्ये दाखवलं की टीएनएफ आधी बाहेर पडतं, इंटरल्युकिन-६ मागाहून.

इंटरल्युकिन-१ बीटाची तर तऱ्हाच निराळी. त्याच्यावर गॉल्गीच्या रस्त्याला जायचं लेबलच नाही. ते पेशीच्या आतल्या द्रवात निष्क्रिय रूपात पडून राहतं. पहिला इशारा मिळाला की फक्त बनतं. दुसरा, वेगळा इशारा मिळाला की इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा जमते, कॅस्पेस-१ हे विकर जागं होतं आणि त्याला कापून धारदार करतं. आधी पासवर्ड, मग ओटीपी. तेच विकर गॅसडर्मिन-डी नावाच्या प्रथिनालाही कापतं, आणि त्याचे तुकडे पेशीच्या आवरणाला भोकं पाडतात (हे २०१५-१६ मध्ये उलगडलं). त्या भोकांतून इंटरल्युकिन बाहेर. पुष्कळदा पेशी त्यात फुटून मरते. इतका महाग निरोप, म्हणून दोन कुलुपं.

शिवाय बंद करायची सोय पहिल्या मिनिटापासून. टीएनएफच्या जनुकाची जी नक्कल निघते तिच्या शेपटीलाच 'मला लवकर नष्ट करा' अशी खूण असते, आणि ती खूण ओळखून तिची विल्हेवाट लावणारी प्रथिनं पेशीत असतात. रक्तात आलेलं टीएनएफही थोड्याच वेळात साफ होतं. निरोप वाजला पाहिजे, वाजत राहता कामा नये. (गणपतीत दहा दिवस स्पीकरच्या भिंतीसमोर राहणाऱ्यांना हे तत्त्व समजावून सांगावं लागणार नाही.)

हे सगळं ऑस्ट्रेलियातलं म्हणून लांबचं वाटत असेल तर एक सांगतो. या प्रयोगांत उंदराच्या मॅक्रोफेजची एक वाढवता येणारी जात वापरतात, तिचं नाव रॉ २६४.७. भारतात सूजेवर काम करणाऱ्यांचे शोधनिबंध उघडा. त्यांत कित्येकदा एक ओळ सापडते, की या पेशी पुण्याच्या एनसीसीएसमधून आणल्या. नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, आपल्या विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीत. देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारं भांडार तिथे आहे. मी कॉलेजची चार वर्षं त्या रस्त्याने बसमधून गेलो. आत काय आहे याचा पत्ता नव्हता.

आता परत काकाच्या गोळीकडे.

डेक्सामेथासोन काम करतं ते अगदी उगमापाशी. केंद्रकात जाऊन या निरोपांच्या जनुकांच्या नकला निघणंच कमी करतं. नक्कल नाही तर माल नाही, टेम्पो रिकामा. आठव्या दिवशी बाबांच्या फुप्फुसात निरोपांचा गोंगाट झाला होता, थांबवणारं कोणी उरलं नव्हतं. तिथे गोळीने आवाज कमी केला. पण दुसऱ्या दिवशी काकाच्या शरीरात विषाणू वाढत होता आणि पेशी एकमेकींना हाका मारून जमत होत्या. मी नेमक्या त्या हाका दाबल्या. ताप उतरला, कारण ताप हा निरोपाचाच परिणाम. आगीची घंटा बंद केली आणि आग विझली असं समजून मी वर जाऊन झोपलो. वर मधुमेही माणसाला स्टिरॉइड, म्हणजे साखर आभाळाला.

आणि हे तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जून २०२० मध्येच जाहीर झाला होता, काकाला गोळी देण्याच्या दहा महिने आधी. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतला मृत्युदर ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ऑक्सिजनची गरजच नसलेल्यांत? फायदा काही नाही. आकडा उलट १४ वरून १७.८ कडे झुकलेला. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणतं. पण फायद्याचा पुरावा नाही हे स्पष्ट होतं. मी दिवसभर लॉग वाचून पोट भरणारा माणूस, आणि तीन ओळींचा हा तक्ता वाचला नव्हता. व्हॉट्सॅप मात्र वाचलं होतं.

त्याच महिन्यात काकासाठी टोसिलिझुमॅबची चिठ्ठीही हातात आली होती, 'मिळालं तर बघून ठेवा' म्हणून. हे इंजेक्शन दुसऱ्या टोकाला काम करतं. निरोप निघू देतं, पण इंटरल्युकिन-६ ऐकणारे कानच बंद करतं. सुमारे चाळीस हजारांचं एक, आणि तेव्हा देशभर कुठेच नाही. दोन दिवस मी आणि माझा चुलतभाऊ शहरभर फिरलो. मिळालं नाही. सुदैवाने लागलंही नाही. पण त्या दोन दिवसांत मला ते इंजेक्शन म्हणजे संजीवनी वाटत होतं, जशी आधी ती गोळी वाटली होती. ते कोणासाठी, कितव्या दिवशी, कोणत्या अवस्थेत हे प्रश्न डोक्यात येतच नाहीत हो अशा वेळी. 'मिळतंय का' एवढा एकच प्रश्न असतो.

निरोप दाबण्याची किंमत काय असते याचं आणखी एक उदाहरण. संधिवाताच्या काही प्रकारांत टीएनएफ उगाचच वाजत राहतं. त्याला मधल्या रस्त्यात पकडणारी औषधं आहेत आणि त्यांनी हजारो लोकांना अंथरुणातून उठवलंय. पण २००१ मध्येच अमेरिकेतून ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, ज्यांना असं एक औषध सुरू केल्यावर क्षयरोग उफाळला. का? तर जुना क्षयाचा जंतू फुप्फुसात पेशींच्या गराड्यात कोंडलेला असतो, आणि तो गराडा टिकवायला टीएनएफ लागतं. निरोप थांबला, पहारा सुटला. म्हणून आता ही औषधं देण्याआधी क्षयाची तपासणी करतात. आपल्याकडे तर त्याला पर्यायच नाही. म्हणजे जो निरोप सांध्यात शत्रू, तोच फुप्फुसात राखणदार.

म्हणून त्या पाटीचं मला आता हसू येत नाही, थोडा राग येतो. 'इम्युनिटी वाढवा' म्हणजे नक्की काय वाढवा? टीएनएफ वाढवा? मग संधिवात. इंटरल्युकिन-६ वाढवा? त्याचंच इंजेक्शन शोधत, म्हणजे ते थांबवायला, आम्ही रात्रभर फिरलो होतो. ही व्यवस्था आवाजाचं बटण असलेला रेडिओ नाही. कारल्याचा रस प्यायचा तर खुशाल प्या, भाजीच आहे ती. माझा आक्षेप त्या शब्दाला आहे, कारण तो शब्द आपल्याला एक सवय लावतो - जास्त म्हणजे चांगलं, लवकर म्हणजे चांगलं, आणि एकाला लागू पडलं ते सगळ्यांना लागू. त्याच सवयीने मी कपाट उघडलं होतं.

मग करायचं काय? जे खरंच उपयोगी आहे ते कंटाळवाणं आहे. लस घ्यायची. ती कोणाचाही आवाज कायमचा वाढवत नाही, नेमक्या शत्रूची ओळख आधी करून देते. झोप, मधुमेह असेल तर साखर ताब्यात. आणि घरातल्या उरलेल्या गोळ्या, मग ते स्टिरॉइड असो की अँटिबायोटिक, पुढच्या आजारी माणसासाठी जपून ठेवायच्या नाहीत. आपण प्रॉडक्शनच्या सर्व्हरवर दुसऱ्या सिस्टीमचा पॅच 'तिकडे चालला होता' म्हणून मारतो का? मारला तर नोकरी जाते. मग काकावर कसा मारला मी?

हे मी काकाला कधी नीट सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मागच्या वर्षी, दिवाळीत. दुसऱ्या दिवसाच्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या नव्हत्या, माझ्या मनाने दिल्या होत्या, म्हटलं. वाटलं होतं तो चिडेल. तो चिवडा खात होता. म्हणाला, "मला माहीत होतं रे. त्या रात्री दाखल करताना मी शुद्धीत होतो." आणि मग थोड्या वेळाने, "काकूला सांगू नकोस."

सांगितलेलं नाही. पण देवघराशेजारचं कपाट मी रिकामं केलं. आता तिथे फक्त उदबत्त्या आणि काडेपेटी असते.